मॉनिटर, इंकजेट प्रूफ आणि ऑफसेट: तिन्हीकडे एकच रंग कसा आणायचा

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ मॉनिटरवर झेंडूचा भडक केशरी दाखवतं. स्टुडिओतल्या इंकजेटवर काढलेल्या प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुना प्रतीत, तो केशरी लालसर उतरतो आणि ऑफसेटवरून, म्हणजे प्लेटच्या छपाई मशीनवरून, छापून आला की विटकरी होतो. यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये शिरायचं आणि लाल थोडा कमी, पिवळा थोडा जास्त करायचा. एका चित्रापुरतं ते जमून जातं, पण पुढच्या चित्रात त्याच सेटिंगने चेहरे हिरवट पडतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मॉनिटर लाल-हिरवा-निळा उजेड मिसळून रंग दाखवतो, तर छपाईत शाई कागदावरून परतणाऱ्या उजेडातला काही भाग गिळून रंग तयार करते. दोघांच्या रंगांचा आवाका वेगळा आहे, आणि इंकजेटच्या शाईचा आवाका ऑफसेटच्या शाईहून आणखी वेगळा. म्हणून ही तीन उपकरणं एकमेकांशी जुळवत बसू नका. प्रत्येकाला एकाच छपाई-मानकाशी बांधा आणि रंगाचं रूपांतर वाटेत एकदाच होऊ द्या. पुढे लिहिलेलं सगळं या दोन गोष्टी साधण्यासाठी आहे.

आधी मानक ठरवा

काम कुठल्या कागदावर, कुठल्या पद्धतीने छापलं जाणार हे कळल्याशिवाय सीएमवायकेचे, म्हणजे सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांचे, आकडे निरर्थक आहेत. मॅजेंटा ६०, यलो १०० हे फक्त शाईचं प्रमाण झालं. त्यातून डोळ्याला दिसणारा रंग कागद आणि मशीन ठरवतात. मानकाचं प्रोफाइल (आकडे आणि रंग यांचा मेळ दाखवणारी फाइल) नेमकं हेच सांगतं: या परिस्थितीत या आकड्यांचा रंग असा दिसेल.

आर्ट पेपर आणि आर्ट कार्डसाठी आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारं वर्णन फोग्रा ३९; फोग्रा ही जर्मन छपाई-संशोधन संस्था. त्याचं प्रोफाइल 'आयएसओ कोटेड व्ही २' या नावाने मिळतं. शाईची एकूण मर्यादा, म्हणजे एका जागी चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज, ३३० टक्के. ३०० टक्क्यांची वेगळी आवृत्तीही आहे. त्यानंतर आलेलं फोग्रा ५१, म्हणजे 'पीएसओ कोटेड व्ही ३', हे आयएसओ १२६४७-२ या ऑफसेटच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीवर बेतलेलं आहे. दोघांतला मोठा फरक कागदाच्या पांढऱ्यात आहे. आजच्या आर्ट पेपरमध्ये चकाकी आणणारी रसायनं भरपूर असतात, त्यामुळे कागद निळसर दिसतो. फोग्रा ३९ मध्ये कागदाचं लॅब मूल्य (उजळपणा, लाल-हिरवा, पिवळा-निळा असे तीन आकडे) साधारण ९५, ०, उणे २ आहे; फोग्रा ५१ मध्ये ९५, १.५, उणे ६. शाईचे मूळ रंग दोन्हींत जवळपास सारखेच आहेत, पण हलक्या छटांमध्ये फरक स्पष्ट दिसतो.

मॅपलिथोसाठी अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदाचं प्रोफाइल घ्या: फोग्रा ४७ किंवा नवं फोग्रा ५२. न्यूजप्रिंटसाठी वॅन-इफ्रा या वृत्तपत्रांच्या संघटनेचं 'न्यूजपेपर २६ व्ही ५' आहे. त्यात एकूण शाई २२० टक्क्यांवर थांबते. दिवाळी अंकात हे तिन्ही कागद एकाच जॉबमध्ये येऊ शकतात: मुखपृष्ठ आर्टवर, मजकूर मॅपलिथोवर, कधी आतली पुरवणी न्यूजप्रिंटवर. मुखपृष्ठावरची जाहिरात आतही जाणार असेल तर आर्ट पेपरची सीएमवायके फाइल तशीच आत टाकू नका. आरजीबी (लाल-हिरवा-निळा) मूळ फाइल जपून ठेवा आणि प्रत्येक कागदासाठी त्यातून वेगळं रूपांतर करा. आर्ट पेपरची ३२० टक्के शाई न्यूजप्रिंटवर गेली की सावल्यांचा चिखल होतो आणि ओली शाई पुढच्या पानाच्या पाठीला लागते.

एक जागा लगेच तपासा. अडोबीची सॉफ्टवेअर अमेरिकी सेटिंगसह बसवलेली असतील तर त्यांचं मूळ सीएमवायके प्रोफाइल 'यूएस वेब कोटेड स्वॉप व्ही २' असतं. ते अमेरिकेतल्या वेब-ऑफसेट मासिकांसाठी केलेलं आहे. आपल्याकडच्या कितीतरी फाइल्स कोणी काही ठरवलेलं नसताना याच प्रोफाइलमधून बाहेर पडतात. फोटोशॉपमध्ये 'एडिट' मेनूतल्या 'कलर सेटिंग्ज'मध्ये जाऊन वर्किंग सीएमवायके बदला, आरजीबी 'एसआरजीबी' किंवा 'अडोबी आरजीबी १९९८' ठेवा आणि तिन्ही पॉलिसी 'प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स' करा. कोरलड्रॉमध्ये 'टूल्स'खालच्या कलर मॅनेजमेंटमध्ये हीच प्रोफाइल्स निवडा. डिफॉल्ट सेटिंग वेगळं आणि उघडलेल्या डॉक्युमेंटचं वेगळं असतं, दोन्ही बघा. जुनी फाइल उघडली की तिच्यासोबत जुनं प्रोफाइल येतं, हे कोरलमध्ये हमखास नजरेतून सुटतं.

मॉनिटर

डोळ्याने मॉनिटर जुळवता येत नाही, कारण डोळा समोरच्या पांढऱ्याशी काही मिनिटांत जुळवून घेतो. त्यासाठी मोजणी यंत्र लागतं. कॅलिब्राइट किंवा डेटाकलरचं साधं कलरीमीटर पुरेसं आहे. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा, मग मोजा. पांढरा बिंदू डी६५ (दिवसाच्या उजेडाचा प्रमाणित पांढरा), गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) २.२ आणि उजेड प्रति चौरस मीटर ८० ते १२० कँडेला. खोली मंद असेल तर खालची बाजू धरा.

मोजण्याआधी नाइट लाइट, नाइट शिफ्ट, ट्रू टोन, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, एचडीआर हे सगळं बंद करा. यातलं एकही चालू राहिलं तर मोजणी फुकट जाते.

'स्क्रीनवर उजळ, छापल्यावर काळपट' ही तक्रार बहुतेक वेळा रंगाची नसतेच, मॉनिटरच्या उजेडाची असते. दुकानातून आलेला मॉनिटर बऱ्याचदा २५० कँडेलाच्या पुढे असतो. तपासायचं असेल तर छपाईचा कोरा कागद प्रूफ बघायच्या दिव्याखाली ठेवा आणि स्क्रीनवर पूर्ण पांढरी खिडकी उघडा. दोन्ही पांढरे साधारण सारखे उजळ वाटेपर्यंत मॉनिटर खाली आणा. त्या आकड्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा.

प्रिंटर आधी स्थिर, मग प्रोफाइल

रोज वेगळा वागणाऱ्या प्रिंटरचं प्रोफाइल बनवण्यात अर्थ नाही. नोझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का हे दाखवणारा नमुना, काढा. हलक्या सायनची एक रेघ तुटकी असेल तरी हेड क्लिनिंग करून पुन्हा काढा. पूर्ण नमुना आल्याशिवाय पुढे जाऊ नका. हेड अलाइनमेंटही करून घ्या, कारण हेड किंचित हललेलं असलं की हलक्या छटांमध्ये दाणे दिसतात आणि मोजणी डळमळते.

शाईबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कंपनीचं तयार प्रोफाइल कंपनीच्या शाईसाठी आणि कंपनीच्या कागदासाठी असतं. एप्सन एल८०५ किंवा एल१८०० सारख्या टाकीच्या प्रिंटरमध्ये बाजारातली दुसरी शाई भरली की ते प्रोफाइल बाद होतं. दुसरी शाई वापरायला हरकत नाही, पण मग प्रोफाइल स्वतः बनवायचं आणि शाईचा ब्रँड बदलायचा नाही. अर्ध्या टाकीत एक शाई, वर दुसरी, असं झालं की रंग टाकी संपेपर्यंत सरकत राहतो. त्या काळात केलेली कुठलीही मोजणी टिकत नाही.

प्रूफसाठी झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद चालणार नाही. त्यावर इंकजेटचा आवाका आर्ट पेपरवरच्या ऑफसेटपेक्षाही लहान होतो, म्हणजे जे रंग प्रेस छापू शकते तेच प्रूफ दाखवू शकत नाही. अर्धचकाकीचा फोटो किंवा प्रूफिंग पेपर घ्या, साधारण २०० ते २६० जीएसएमचा. कागदात चकाकीची रसायनं किती आहेत ते किराणा दुकानात नोटा तपासायला ठेवतात त्या अतिनील दिव्याखाली कळतं. कागद निळा-जांभळा झगमगला तर रसायनं जास्त आहेत. फोग्रा ३९ साठी कमी झगमगणारा कागद निवडा. फोग्रा ५१ साठी थोडी झगमग हवीच.

पावसाळ्यात मुंबई, कोकण, गोवा इथे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते आणि कागद पाणी ओढून घेतो. शाई उशिरा वाळते, गडद भागात पसरते, टोनर नीट चिकटत नाही. कागदाचं पाकीट बंद ठेवा, वापरण्याआधी एक दिवस प्रिंटरच्या खोलीत राहू द्या आणि खोलीत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान २० ते २५ अंश ठेवायचा प्रयत्न करा. भर जुलैत एसी बंद असताना बनवलेलं प्रोफाइल डिसेंबरात वापरायचं असेल तर आधी चाचणीपट्टी छापून मोजा.

प्रोफाइल बनवणं

साधा ड्रायव्हर वापरणारा इंकजेट आत सहा शाया असूनही बाहेरच्या जगासाठी आरजीबी उपकरण असतो. तुम्ही सीएमवायके पाठवलं तरी ते ड्रायव्हरपर्यंत पोचता पोचता आरजीबी होतं आणि शाया तो त्याच्या हिशेबाने फोडतो. म्हणून अशा प्रिंटरचं प्रोफाइलही आरजीबीच बनवायचं. सीएमवायके प्रोफाइलची गरज मधे रिप, म्हणजे फाइलचं शाईच्या ठिपक्यांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, असेल तेव्हाच पडते.

कागदावरचे रंग मोजायला स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. एक्स-राइटचा आयवन प्रो हा आपल्याकडे सर्वांत ओळखीचा. विकत घेणं परवडत नसेल तर चार्ट छापून मोजून देणारे शहरात सापडतात. सॉफ्टवेअर आयवन प्रोफाइलर किंवा मोफत मिळणारं आर्गिल सीएमएस. क्रम असा:

१. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार आणि गुणवत्ता ठरवा आणि लिहून ठेवा. कागदाचा प्रकार बदलला की शाईचं प्रमाण बदलतं, म्हणजे प्रोफाइलही बदलतं.

२. ड्रायव्हरची रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. एप्सनमध्ये कलर करेक्शनखाली 'ऑफ, नो कलर ॲडजस्टमेंट'. कॅननमध्ये 'मॅन्युअल'वर जाऊन मॅचिंग टॅबमध्ये 'नन'. एचपीमध्ये 'ॲप्लिकेशन मॅनेज्ड कलर्स'.

३. आठशे ते हजार चौकटींचा आरजीबी चार्ट छापा. दोन-तीन ए-४ पानं होतात. चार्टवर कुठलंही प्रोफाइल लागता कामा नये. आताच्या फोटोशॉपमध्ये 'नो कलर मॅनेजमेंट' हा पर्याय नाही, म्हणून चार्ट फोटोशॉपमधून छापू नका. अडोबीची मोफत 'कलर प्रिंटर युटिलिटी' किंवा प्रोफाइल बनवणारं सॉफ्टवेअरच वापरा.

४. डाय शाई (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची) असेल तर चोवीस तास वाळू द्या. छपाईनंतर लगेच मोजलं तर गडद रंग वेगळे येतात. पानं एकावर एक ठेवू नका.

५. मोजताना चार्टखाली त्याच कागदाचे तीन-चार कोरे ताव ठेवा. टेबलाचा रंग कागदातून डोकावतो आणि हलक्या छटा बिघडतात. फोग्रा ५१ किंवा ५२ साठी मोजणीची पद्धत एम-१ हवी, कारण तीत अतिनील प्रकाशाचं प्रमाण ठरलेलं असतं. फोग्रा ३९ चा डेटा जुन्या एम-० पद्धतीचा आहे.

६. प्रोफाइल तयार झालं की नावात प्रिंटर, कागद, शाई, ड्रायव्हरचं सेटिंग आणि तारीख घाला. विंडोजमध्ये फाइलवर उजवं क्लिक करून 'इन्स्टॉल प्रोफाइल' केलं की झालं.

प्रूफ काढताना

आता इंकजेटला ऑफसेटची नक्कल करायला सांगायचं. आधी स्क्रीनवर. फोटोशॉपमध्ये 'व्ह्यू', 'प्रूफ सेटअप', 'कस्टम'. उपकरण म्हणून मानकाचं प्रोफाइल निवडा, रेंडरिंग 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक', 'ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन' चालू, 'सिम्युलेट पेपर कलर' चालू. हा शेवटचा पर्याय लावला की चित्र एकदम मलूल दिसतं आणि लोक घाबरून तो काढून टाकतात. काढू नका. आजूबाजूच्या टूलबारचा झगझगीत पांढरा दिसत असल्याने तसं वाटतं. फुल स्क्रीन करा, पार्श्वभूमी करडी ठेवा, मिनिटभर थांबा. आता दिसतं ते छापील चित्राच्या पुष्कळ जवळ असतं.

मग छापताना प्रिंट डायलॉगमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडा आणि प्रिंटर प्रोफाइलच्या जागी वर बनवलेलं प्रोफाइल द्या. खाली 'नॉर्मल प्रिंटिंग'ऐवजी 'हार्ड प्रूफिंग' घ्या, प्रूफ सेटअप मघाचाच ठेवा आणि 'सिम्युलेट पेपर कलर'वर टिक करा. त्यामुळे रूपांतर ॲब्सोल्यूट पद्धतीने होतं, म्हणजे ऑफसेटच्या कागदाचा पांढराही हलक्या छटेत छापला जातो. कागदाच्या कडेला कोरा भाग आणि चित्राचा 'पांढरा' यांत थोडा फरक दिसला तर प्रूफ बरोबर निघतंय. शेवटी ड्रायव्हरमध्ये कागद आणि गुणवत्ता प्रोफाइल बनवताना होती तीच, आणि रंगदुरुस्ती बंद.

इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो: फोटोशॉपही रंग बदलतं आणि ड्रायव्हरही. ओळखायची खूण अशी की चित्र भलतंच लालसर किंवा मॅजेंटाकडे झुकलेलं आणि गडद येतं. उलट, दोघांनीही रूपांतर केलं नाही तर रंग फिके आणि सपाट येतात. दोन्हींपैकी काही दिसलं तर प्रोफाइलला हात लावण्याआधी ड्रायव्हरचं रंगदुरुस्तीचं खातं पुन्हा उघडून बघा. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर ते बऱ्याचदा आपोआप मूळ स्थितीला गेलेलं असतं.

प्रूफच्या कडेला उग्रा-फोग्रा मीडिया वेज छापा. ७२ चौकटींची ती पट्टी आहे. प्रूफसाठीच्या आयएसओ १२६४७-७ मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे तिची सरासरी डेल्टा ई-२००० (अपेक्षित आणि मोजलेल्या रंगातला फरक) २.५ च्या आत हवी, कागदाचा आणि मूळ चार शायांचा फरक ३ च्या आत. पट्टी पास झाली तरच ते प्रूफ प्रेससमोर ठेवण्याच्या लायकीचं. सरासरी चार-पाच येत असेल तर नेहमीचे संशयित तीन: चुकीचा कागद निवडलेला, अर्धवट वाळलेली शाई, बंद पडलेली नोझल.

उजेड

प्रूफ आणि छापील ताव एकाच दिव्याखाली बघितले नाहीत तर वरची सगळी मेहनत वाया जाते. रंग बघायच्या उजेडाच्या आयएसओ ३६६४ मानकाप्रमाणे प्रकाश डी५० (५००० केल्विनचा प्रमाणित पांढरा) हवा, आणि बारकाईने तुलना करायला साधारण २००० लक्स. पूर्ण बूथ शक्य नसेल तर रंगदर्शकता (सीआरआय) ९० च्या वर असलेल्या ५००० केल्विनच्या नळ्या लावा, टेबल आणि मागची भिंत करडी ठेवा. साध्या एलईडी ट्यूबखाली इंकजेटचा करडा आणि ऑफसेटचा करडा वेगळे दिसतात, दुपारी गॅलरीत नेले की तेच जुळतात. शाया वेगळ्या असल्यामुळे हे घडतं. अशा वेळी प्रोफाइलमध्ये दोष शोधत बसू नका.

जिथे रंग हमखास फसतो

भगवा आणि केशरी. आरजीबीतला तेजस्वी केशरी चार शायांच्या आवाक्याबाहेर असतो. चार कलरमध्ये मिळणारा सर्वांत स्वच्छ केशरी फक्त मॅजेंटा आणि यलोचा: यलो १०० आणि मॅजेंटा ५० ते ६५. रूपांतरानंतर त्या भागाचे आकडे माहितीच्या चौकटीत बघा. सायन तीन-चार टक्के किंवा थोडा ब्लॅक शिरलेला दिसतो. तेवढ्यानेही केशरी मातकट होतो, तो काढून टाका. झेंडा किंवा देवस्थानाचा लोगो असेल आणि तडजोड चालणार नसेल तर पाचवी शाई मागा. पँटोन ऑरेंज ०२१ त्यासाठी वापरतात. तिचा वेगळा खर्च ग्राहकाला आधी सांगा. चार कलरमध्ये 'बघू, होईल' असं म्हणून काम घेणं ग्राहकाशी अन्याय आहे.

निळा. सायन १०० आणि मॅजेंटा १०० म्हणजे निळा असं आकड्यांवरून वाटतं, छापल्यावर तो जांभळा येतो. मॅजेंटा ६५-७० वर आणा.

चेहरे. आपल्याकडच्या त्वचेसाठी यलो मॅजेंटाच्या बरोबरीने किंवा थोडा जास्त, सायन मॅजेंटाच्या पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढा. सायन वाढला की चेहरा आजारी दिसतो, मॅजेंटा यलोच्या पुढे गेला की उन्हाने भाजल्यासारखा.

काळा मजकूर. आरजीबीतला काळा रूपांतरानंतर चारही शायांचा बनतो. फोटोच्या सावलीत ते चालतं, अक्षरात नाही. ताव मशीनवर केसभर हलला की देवनागरीच्या शिरोरेषेवर लाल किंवा निळी किनार दिसते, अनुस्वार दोन रंगांचे होतात, आठ-नऊ पॉइंटच्या मजकुरात वेलांटीची जागा भरून जाते. मजकूर नेहमी ब्लॅक १०० एवढाच, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) चालू. मोठ्या काळ्या पट्ट्यांसाठी मात्र नुसता ब्लॅक करडा वाटतो. तिथे सायन ६०, मॅजेंटा ४०, यलो ४०, ब्लॅक १०० द्या, एकूण २४० टक्के. त्यावर उलटा पांढरा मजकूर असेल तर अक्षर जाड ठेवा.

फाइल प्रेसला देताना

पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफ प्रकार), किंवा प्रेसचा रिप जुना असेल तर पीडीएफ/एक्स-१ए बनवा, आउटपुट इंटेंटमध्ये, म्हणजे फाइल कशासाठी छापायची त्या नोंदीत, ठरवलेलं मानक द्या. ॲक्रोबॅटच्या 'आउटपुट प्रिव्ह्यू'मध्ये एकूण शाईची मर्यादा टाकून बघा. मर्यादा ओलांडणारा भाग रंगून दाखवला जातो. तिथेच मजकुरावर माउस फिरवून तो खरंच फक्त ब्लॅक आहे का तेही कळतं.

ग्राहकाला मोबाइलवर दाखवायची प्रत वेगळी. मानकातून रूपांतर केलेली फाइल पुन्हा एसआरजीबीत आणा आणि तीच पाठवा, म्हणजे छापील रंगाच्या मर्यादा त्यातच दिसतात. सीएमवायके जेपेग थेट फोनवर पाठवलं तर काही ॲप्स त्याचे रंग भलतेच करतात. आणि रंगाची मंजुरी व्हॉट्सॲपवरच्या चित्रावर कधीही घेऊ नका. मजकूर आणि मांडणी तपासायला ते ठीक आहे, रंगाची सही प्रूफवरच.

प्रेसशी एकदा बसून बोला. प्लेट काढताना डॉट गेनची, म्हणजे छापताना ठिपका फुगतो त्याची, दुरुस्ती करतात का? कोटेड कागदासाठी मानकाची अपेक्षा अशी की ५० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर साधारण १६ टक्क्यांनी फुगावा, म्हणजे ६६ व्हावा. प्रेसचा ठिपका पंचवीस टक्क्यांनी फुगत असेल तर सगळं चित्र गडद येणार आणि तुमचं प्रूफ कितीही अचूक असलं तरी जुळणार नाही. प्रेस कुठलंच मानक पाळत नसेल आणि काम कायमचं त्यांच्याकडेच असेल, तर त्यांच्याच मशीनवर, नेहमीच्या कागदावर आयटी ८.७/४ हा १६१७ चौकटींचा प्रमाणित चार्ट छापून घ्या आणि त्याचं प्रोफाइल बनवा. मग तेच तुमचं मानक.

मशीनवर ताव निघताना बघायची सोपी जागा म्हणजे कडेच्या पट्टीतला करडा. ब्लॅक ५० ची चौकट आणि शेजारी सायन ५०, मॅजेंटा ४०, यलो ४० ची चौकट. दोन्ही सारख्या दिसल्या तर शायांचा तोल बरोबर. दुसरी लालसर झुकली तर मॅजेंटा जास्त किंवा सायन कमी, हिरवट झुकली तर मॅजेंटा कमी. मशीनमनला 'चेहरा थोडा गोरा करा' असं सांगण्याऐवजी ही चौकट दाखवा. कुठली शाई किती हलवायची ते त्याला लगेच कळतं. ताव ओला असताना शाई उजळ आणि गडद दिसते, वाळल्यावर थोडी उतरते, हेही दोघांनी लक्षात ठेवायचं.

एकाच तावावर दहा जणांची कार्डं एकत्र छापली जात असतील तर अचूक रंगाचा आग्रह धरता येत नाही. तुमच्या कार्डाच्या ओळीत पुढे कोणाचं पूर्ण लाल पान असेल तर त्या पट्ट्यातली मॅजेंटा वाढवावी लागते आणि तुमचाही रंग सरकतो. अशा रंगसंवेदनशील कामाला स्वतंत्र ताव घ्या.

एकापेक्षा जास्त प्रिंटर असतील तर

लेझर, इंकजेट आणि फ्लेक्सचं मशीन यांच्यात लोगो एकसारखा हवा असेल तर सर्वांत लहान आवाक्याच्या उपकरणाकडे बघा. बाकीच्यांना त्याची किंवा फोग्रा ३९ ची नक्कल करायला लावा. इंकजेटचा भडक रंग लेझरला कधीच जमणार नाही, पण लेझरला जमणारा रंग इंकजेट सहज देतो.

टोनरची डिजिटल प्रेस दिवसातही बदलते. सकाळी मशीन तापू द्या, वीस-पंचवीस ताव काढा आणि मग कॅलिब्रेशन करा. कागद बदलला की पुन्हा. फायरीसारखा (डिजिटल प्रेसला फाइल पुरवणारा) कंट्रोलर असेल तर त्यात सीएमवायके सोर्स म्हणून कुठलं प्रोफाइल लावलंय ते बघा. फाइल फोग्रा ३९ ची आणि सोर्स स्वॉप असेल तर प्रत्येक जॉब थोडा थोडा चुकत राहतो, आणि दोष मशीनला दिला जातो.

मुखपृष्ठाला लॅमिनेशन होणार असेल तर प्रूफच्या एका प्रतीलाही त्याच फिल्मचं लॅमिनेशन करून घ्या आणि ग्राहकाची सही त्यावर घ्या. मॅट फिल्मखाली सावल्या फिक्या होतात आणि रंगांची धार कमी होते, ग्लॉसखाली रंग गडद आणि खोल वाटतात. प्रूफच्या मागे प्रोफाइलचं नाव, कागद, तारीख आणि मीडिया वेजची सरासरी लिहा. महिनाभराने पुनर्मुद्रण आलं तर प्रेसला नव्या प्रूफची मोजणी या जुन्या आकड्यांशी ताडून बघता येईल. डाय शाईचं प्रूफ उजेडात ठेवलं तर फिकं पडतं, म्हणून ते अंधाऱ्या पाकिटात ठेवा.